शुक्रवारचा वारा

माझं नाव हरिश्चंद्र. ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पुढे मी देवमाशाने माझी टोपी दमणपासून आमच्या आगर गावापर्यंत आणून दिल्याची हकीकत सांगायला लागलो, तेव्हा गावाने ठरवलं की नाव आणि माणूस वेगवेगळे धरायचे. टोपी अजून आहे माझ्याकडे. तिच्यावर दातांच्या खुणा नाहीत म्हणून लोक शंका घेतात. त्या जातीच्या देवमाशाला दातच नसतात, हे त्यांना कोण सांगत बसणार.

पण आज सांगतो ती गोष्ट मी सहसा सांगत नाही. तिच्यात मी एकदाच खरं बोललो, आणि त्या दिवसाइतका दर्यातसुद्धा कधी घाबरलो नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. हंगामाची शेवटची फेरी करून आमची बोट परत येत होती आणि खाडीच्या तोंडाशी इंजिनाने मान टाकली. दुसऱ्या बोटीने ओढत आणली. डहाणूच्या मिस्त्रीने इंजिन उघडलं, आत डोकावला आणि पुन्हा झाकण लावलं. आमच्या हितेशने तेव्हाच काय ते ओळखलं. हितेश म्हणजे माझा मुलगा, माझ्यानंतर बोटीचा तांडेल. त्याच्या खिशात वापीच्या एका कारखान्याचं पत्र होतं. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. पत्र त्याने कुणाला दाखवलं नव्हतं, पण सदरा धुवायला टाकताना रखमाबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, खिसे तपासले होते. इंजिन आलं तर हितेश दर्यात, नाही आलं तर वापीत. एकदा वापीला गेलेला तांडेल परत येत नाही. तो दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन येतो.

आता इंजिन आणायचं तर हातात एकच गोष्ट होती. शेवटच्या फेरीचे बोंबील. सोमवारी सकाळी रखमाबाईने आणि बायकांनी ते वलांडीवर चढवले. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यावर टांगायचे. शनिवारपर्यंत ऊन लागलं की कडकडीत सुकतात, हातात मोडले तर काडीसारखा आवाज होतो. तसा माल तलासरीच्या बाजारात पावसाळ्याच्या बेगमीला हातोहात जातो. त्यात नवं इंजिन बसत होतं. पण मधेच अवकाळीची एक सर आली, की वलांडीवरचा बोंबील लिबलिबीत होतो, त्याला वास मारतो, आणि मग तो फक्त माडाच्या मुळाशी घालायच्या कामाचा.

म्हणून मी तलासरीच्या धर्मेशभाईकडून बोल घेतला होता. धर्मेश सुक्या मासळीचा व्यापारी, त्याची मोठी शेड आहे, आत पंखे आहेत. टोपलीभर सोडे त्याला आधीच देऊन टाकायचे, ते काही परत मिळायचे नाहीत. त्याबदली त्याने शब्द द्यायचा, की सोमवार ते शनिवार, कुठल्याही दिवशी दिवेलागणीच्या आत सगळा माल आणा, कितीही ओला-सुका असू दे, ठरल्या भावाने घेईन, उरलेला मी शेडमध्ये सुकवीन. एकच अट. वरून पाण्याचा एक थेंब पडलेला नको. पडला तर बोल संपला. त्या भावात नवं इंजिन येत नव्हतं, पण मिस्त्रीकडे एक जुनं पडलं होतं, ते येत होतं.

या व्यवहाराला इंग्रजीत नाव आहे, हे मला मंगळवारी कळलं. त्या दिवशी माझी मुलगी निशिगंधा मुंबईहून आली. ती गणित शिकली आहे, एका मोठ्या कंपनीत बसून असल्याच हक्कांची किंमत काढते. मी धर्मेशचा बोल सांगितला तशी ती हसली. म्हणाली, बाबा, हा तर अमेरिकन पुट. मी म्हटलं धर्मेश वापीच्या पलीकडे गेलेला नाही. तिने सांगितलं की अमेरिकेशी संबंध नाही. विकायचा हक्क शेवटच्याच दिवशी वापरता येत असेल तर त्याला युरोपियन म्हणतात, मधल्या कुठल्याही दिवशी वापरता येत असेल तर अमेरिकन. आणि सगळी डोकेदुखी या अमेरिकनचीच, कारण रोज सकाळी उठून ठरवावं लागतं, आज थांबायचं की आणखी एक दिवस बघायचं.

"त्याला रीत आहे," ती म्हणाली. "शनिवारपासून उलटं चालत यायचं."

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आमच्या बोटीच्या अंगावर तिने खडूने मंगळवार ते शनिवार असे पाच चौकोन काढले. शनिवारच्या चौकोनात कडक मालाचा भाव. मग शुक्रवारी उभं राहून विचारायचं, आज धर्मेशकडे गेलो तर एवढे, थांबलो तर उद्याचे एवढे, पण रात्रीतून सर येण्याचा धोका इतका, म्हणजे सरासरी किती? जे जास्त ते शुक्रवारच्या चौकोनात लिहायचं. मग गुरुवार. मग बुधवार. असं खेकड्यासारखं मागे मागे येत आजपर्यंत पोचायचं. मला पटलं. फक्त एक आकडा नव्हता. सर कुठल्या दिवशी येण्याचा धोका किती? फोनवरचा हवामानवाला पाचही दिवस तीस टक्केच दाखवत होता. तिने फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आई, बाबांची कॅलेंडरं अजून आहेत ना?"

मी म्हटलं, उंदरांनी खाल्ली असतील.

कॅलेंडरं होती. चाळीस वर्षांची, पत्र्याच्या पेटीत, रखमाबाईने डांबराच्या गोळ्या घालून जपलेली. ज्या दिवशी वाऱ्यापावसाने बोट बाहेर काढता आली नाही, त्या चौकोनात मी पेन्सिलीने ‘वारा’ लिहीत असे. निशिगंधाने मे महिन्याची पानं तेवढी काढली, ओटीवर मांडून बसली आणि दोन तास मान वर केली नाही. मी तीनदा चहा पाजला. एकदा पानांवर सांडायचाही प्रयत्न केला, पण तिने कप आधीच लांब ठेवला होता.

संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, गंमत आहे. मे महिन्यात एकसष्ट वेळा वारा. त्यातले अठ्ठावन्न शुक्रवारी."

"येतोच शुक्रवारी," रखमाबाई आतून म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून बघतेय."

"पण का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की शुक्रवारी उंबरगावच्या बाजूला भरतीचा पाय मुरगळतो, त्यामुळे वारा बिचकतो. हितेश हसला. निशिगंधा हसली नाही. तिने मान हलवली आणि चौकोन भरून टाकले. बुधवारी धोका नाही, गुरुवारी नसल्यासारखा, शुक्रवारी फार. म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत माल टांगून ठेवायचा, मग उतरवायचा. त्या दिवशी बोंबील हातात मोडून बघायचा. आवाज आला तर सरळ बाजार, नाही आला तर धर्मेश. गुरुवारच्या चौकोनाभोवती तिने दोनदा गोल केला. हितेशने लाहूला फोन करून गुरुवारचा टेम्पो सांगितला. लाहू तलासरीचा, माझा जुना दोस्त.

आता खरं काय ते सांगतो. डहाणूच्या टॉकीजात नवा सिनेमा शुक्रवारी लागायचा. मी, लाहू आणि बोटीवरचे चार खलाशी पहिल्या खेळाला असायचो. संध्याकाळी घरी येऊन वारा होता म्हणायचो, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायचो, म्हणजे पुढे कधी हिशेब विचारला तर दाखवायला बरं. बाकीच्या बोटी गेल्या होत्या ना, असं रखमाबाई विचारायची. मी म्हणायचो, त्यांना जिवाची पर्वा नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. खरी गडबड पुढेच होती. जेव्हा खरोखर वारा सुटायचा, तेव्हा आम्ही बोट कमरेएवढ्या पाण्यातून ओढून वर घ्यायचो, रात्री हात वर होत नसत. आणि तो वारा सगळ्या गावाने पाहिलेला, त्याला पुरावा कशाला? म्हणून तो मी कधी लिहिलाच नाही. त्या पेटीत चाळीस वर्षांत न आलेला वारा होता. आलेला कुठेच नव्हता. आणि त्याच्यावर माझी पोर हितेशचं इंजिन तोलून बसली होती.

बुधवारी सकाळी मी वलांडीवर गेलो. तिसऱ्या दिवशी बोंबील वाऱ्यावर एकमेकांना लागून खुळखुळतात. त्या दिवशी गप्प होते. हात लावला तर त्वचेला चिकटपणा. वारा पडलेला, आणि तरीही लाट मोठी, लांबून कुणीतरी ढकलल्यासारखी येत होती. समुद्रपक्षी वाळूत तोंडं गावाकडे करून बसले होते. माझ्या डाव्या गुडघ्याबद्दल मी काही बोलत नाही, त्याच्यावर गावात आधीच पुष्कळ बोललं गेलंय.

मी हितेशला म्हटलं, आजच उतरवू. तो म्हणाला, निशीचं गणित गुरुवार सांगतंय. रखमाबाईला म्हटलं. ती मीठ घालत होती, मीठ बरणीतून सुटत नव्हतं, तिने बरणी दोनदा आपटली आणि म्हणाली, "आज बुधवार आहे."

नऊ वाजले. मग दहा. पश्चिमेला पाण्याला लागून एक करडी पट्टी दिसायला लागली, बोटाएवढी. मी बोटीपर्यंत जायचो, गुरुवारच्या गोलाकडे बघायचो आणि परत यायचो. पायाला वाळूचे चटके बसत होते ते चौथ्या फेरीला कळलं. एकदा वाटलं, चौकोन पुसूनच टाकावा. पण पुसला असता तर तिने दुसरा काढला असता. दुपारपर्यंत टेम्पो आला नाही तर दिवेलागणीच्या आत तलासरी गाठता येणार नाही, म्हणजे बुधवार गेला. ती पट्टी आता दोन बोटं झाली होती.

अकराच्या सुमाराला मी ओटीवर येऊन बसलो आणि म्हणालो, "ते वारे खोटे आहेत. सगळे. मी लाहूबरोबर सिनेमाला जात होतो."

मग रखमाबाई म्हणाली, "झालं सुरू."

तुम्ही बघा माझी दशा. आयुष्यभर जे सांगितलं ते लोकांनी अर्धं तरी घेतलं. हे एक खरं सांगत होतो तर एक पैशालाही कुणी घेईना. हितेश म्हणाला, बाबांना घाई झालीय म्हणून नवीन काढलंय. मी देवाची शपथ घेतली. रखमाबाई म्हणाली, त्या टोपीच्या वेळीही घेतली होती.

निशिगंधा मात्र माझ्याकडे बघत होती. तिने मला उठवलं आणि मागच्या दारी माडाखाली नेऊन उभं केलं. हातात एकोणनव्वदचं पान होतं. "बारा मे. शुक्रवार. तुम्ही ‘वारा’ लिहिलंय. काय झालं त्या दिवशी टॉकीजात?"

मला आठवायची गरजच नव्हती. म्हटलं, मध्यंतरानंतर एक बकरी आत शिरली. पडद्यावर हिरॉईन रडत होती, बकरी पडद्यासमोर उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. डोअरकीपर धरायला धावला तर तिने त्याची बॅटरी पाडली. रीळ तुटलं. अर्धा तास अंधार.

ती सरळ पुढच्या दारी गेली. लाहूला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मी मागेच उभा, पण ऐकू येत होतं. तिने विचारलं, लाहूकाका, एकोणनव्वद साली मे महिन्यात बाबांबरोबर सिनेमाला गेला होतात त्यातलं काही आठवतं का? पलीकडे टेम्पोचं इंजिन बंद झालं.

"रखमावहिनी आहेत का तिथे?" लाहूने विचारलं.

"नाहीत," रखमाबाई स्वतःच म्हणाली. आवाज तिने जरा बदलला होता.

"मग सांगतो. हिरॉईन रडताना बकरी शिरली तीच वेळ ना? बॅटरी फुटली त्याची. तुझ्या बापाने तिला केळं देऊन बाहेर काढली, म्हणून मॅनेजरने पुढच्या शुक्रवारी आम्हाला फुकट सोडलं."

मी आत आलो. रखमाबाई माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होती. ज्या खिळ्याला चाळीस वर्षं कॅलेंडर टांगलं ना, त्या.

निशिगंधाने खोडरबर घेतलं आणि आकडे उतरवलेल्या वहीतले शुक्रवार पुसायला सुरुवात केली. पुसून झाल्यावर तिच्याजवळ एकसष्टातले तीन उरले. त्या तीनबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं की त्या तीन आठवड्यांत सिनेमा गुरुवारी लागला होता. तिने वही मिटली. म्हणाली, "ऑफिसात मी पहिलं विचारते की आकडा आणला कुठून. इथे विचारलं नाही. अक्षर तुमचं होतं म्हणून." रागावून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग ती माझ्यासमोर बसली. "आता माझ्याकडे काही नाही. तुम्ही चाळीस वर्षं पाण्यावर होतात. उद्या दुपारपर्यंत सर येईल का? मला गोष्ट नको. दहापैकी किती वेळा?"

मला सवय दहापैकी बाराची. हितेश दारात उभा होता, हात खिशावर. दहापैकी दहा म्हटलं असतं तर त्याने एका क्षणात दोऱ्या कापल्या असत्या. आणि सर आली नसती तर नवं इंजिन माझ्या जिभेने बुडवलं असतं. मी डोळे मिटून पाण्याकडे बघितलं. अशी लाट, असा पडलेला वारा, अशी पट्टी. कधी सुटला होता, कधी नुसताच नाक मुरडून गेला होता.

"सहा," मी म्हटलं. "सात नाही म्हणवत."

एवढा लहान आकडा माझ्या तोंडून आलेला बघून सगळे दचकले. निशिगंधाने बोटीवर जाऊन तीन ओळी खरडल्या आणि वळून म्हणाली, "सहा नाही, चार असते तरी उतरवायला हवेत. आत्ता."

पुढचे पाच-सहा तास कुणी खाली बसलं नाही. बोंबील वलांडीवरून काढायचे म्हणजे ओढून चालत नाही, जबडे सोडवावे लागतात, नाहीतर मुंडकी तुटतात. आम्ही चौघं, शेजारच्या बायका, सगळे भरभर हात चालवत होतो. रखमाबाई माझ्या रांगेत आली नाही. पट्टी आता हाताएवढी. हितेशच्या फोनवर लाहू टेम्पो घेऊन आला तो वहिनींकडे न बघता थेट ताडपत्री सोडायला लागला.

साडेपाच वाजता निघालो. पुढे लाहू, मी आणि हितेश, मागे मालावर ताडपत्री तीन पदरी. सरावली मागे पडली तेव्हा काचेवर काहीतरी टपकलं. हितेशचा श्वास मला ऐकू आला. ते पाणी वरून नव्हतं. आमच्या पुढे गुजरातला जाणारा बर्फातल्या मासळीचा ट्रक होता, त्याच्या फळ्यांतून गळत होतं आणि वाऱ्याने आमच्यावर उडत होतं. हितेश म्हणाला मागे राहा. लाहू मागे राहिला तर घड्याळ पुढे जात होतं. पुढे काढावा तर समोरून कंटेनर. असे आम्ही त्या ट्रकच्या शेपटीपासून चाळीस हात अंतर राखत, पुढे घड्याळ आणि मागे आभाळ, तलासरीत शिरलो. मी एक अक्षर बोललो नाही. लाहूने नंतर सगळ्यांना सांगितलं की त्याला माझ्या तब्येतीची काळजी वाटली.

धर्मेश शेडच्या दारात उभा होता. त्याने ताडपत्री स्वतः उचलली. तिच्या कडेला ट्रकच्या पाण्याचे ठिपके होते, त्यावर त्याने बोट टेकवलं आणि ते बोट चाटलं. आमच्याकडे बघत त्याने चव घेतली. मला वाटतं तेवढ्यात हितेश मनाने वापीला जाऊन कामावर लागून आला.

"खारं आहे," धर्मेश म्हणाला. "आभाळाचं पाणी गोडं असतं, काका." मग हात आत घालून खालचे, मधले, कोपऱ्यातले बोंबील चाचपले. "कच्चे आहेत अजून. पण बोल म्हणजे बोल. उतरवा."

मिस्त्रीकडचं जुनं इंजिन गुरुवारी सकाळी हितेशच्या नावाने बाजूला काढलं गेलं.

आणि गुरुवारी सर आली नाही.

पट्टी होती तिथेच होती. दुपारी तर ऊन पडलं, स्वच्छ, बोंबील सुकायला लागतं तसं. रिकाम्या वलांडीच्या दोऱ्या हलत होत्या. गल्लीतली माणसं येता-जाता थांबून दोऱ्यांकडे बघत, मग माझ्याकडे. हितेश एकदाच म्हणाला, अजून दोन दिवसांत कडक झाले असते. निशिगंधा म्हणाली, "काल जे माहीत होतं त्यावर काल ठरवलं. आज ऊन पडलं म्हणून कालचं चुकत नाही." तो मान हलवून गेला, पण माझ्याशी बोलला नाही. रखमाबाईने जेवायला वाढलं ते ताट सरकवून. कॅलेंडरांची पेटी तिने ओटीवरून उचलून अंगणात ठेवली होती, भंगारवाल्याला द्यायच्या सामानात. मी तिथे बसून आभाळाला मनातल्या मनात म्हणत होतो, ये बाबा. आणि लगेच लाज वाटत होती, कारण दुसऱ्यांच्या वलांड्या भरलेल्या होत्या. त्यांनाही मी जाऊन सांगितलं होतं. त्यांनी मला चहा पाजला.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला, म्हणजे बरोबर आमच्या सिनेमाच्या वेळेला, वारा सुटला. मागोमाग सर. माडाच्या झावळ्या उलट्या झाल्या, शेजारच्यांनी धावत जाऊन जेवढं हाताला लागलं तेवढं उतरवलं, आम्हीही धावलो, तरी निम्म्याहून जास्त गेलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. भिजून परत आलो तेव्हा हितेश आमच्या रिकाम्या दोऱ्यांखाली उभा होता, त्यांतून पाणी ठिबकत होतं. खिशातलं वापीचं पत्र लगदा झालं होतं. त्याने ते काढलं, पिळलं आणि टाकून दिलं.

निशिगंधा हसावं की काय अशा तोंडाने बोटीकडे गेली. खडू धुऊन गेला होता. गुरुवारचं वर्तुळ तेवढं पुसट दिसत होतं. खोट्या आकड्यांनी काढलेला शुक्रवार खरा निघाला होता, आणि हे ऑफिसात कुणाला सांगायचं नाही असं ती मला दोनदा म्हणाली.

घरात आलो तर रखमाबाईने पेटी आत आणलेली होती. भिंतीवरचं चालू वर्षाचं कॅलेंडर काढून तिने माझ्यासमोर धरलं आणि पेन्सिल दिली.

"लिहा," ती म्हणाली.

मी शुक्रवारच्या चौकोनात ‘वारा’ लिहिलं. चाळीस वर्षांतला पहिला खरा. तिने ते नीट बघितलं, खिळ्याला टांगलं, मग टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि पाटावर बसली.

"आता सांगा. ती हिरॉईन रडत का होती?"